कापसाचा भाव आणि वर्डप्रेसची दोन दशके

२०२२च्या सुरुवातीला वऱ्हाडात कापसाने क्विंटलमागे १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. तेव्हाची अकोल्याची वर्डप्रेसवर चालणारी एखादी बाजारभाव वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. ‘सर्वांत जास्त भाव आधी’ अशी यादी मागितली, तर ९,८०० रुपये पहिल्या ओळीत आणि १०,१०० थेट तळाशी! आकडे भरण्यात चूक नसते. वर्डप्रेस असा जादा तपशील ‘पोस्ट मेटा’ नावाच्या तक्त्यात मजकूर म्हणून ठेवते आणि मजकुराच्या हिशेबात ९ हा १च्या पुढचा, म्हणून नऊ हजार वरचढ ठरतात. क्रम लावताना ‘मेटा_व्हॅल्यू’ऐवजी ‘मेटा_व्हॅल्यू_नम’ लिहिले की यादी सरळ होते.

नोंद बरोबर, मागायची रीत चुकलेली. थीम आणि प्लगइन लिहिणाऱ्यांची गेली दोन दशके बरीचशी ही रीत शिकण्यात गेली आहेत.

२७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी-टू’ या जुन्या प्रणालीवरून वर्डप्रेस उभे केले. २००४ मध्ये प्लगइन आले, फेब्रुवारी २००५ मध्ये १.५ आवृत्तीबरोबर थीम आल्या आणि ‘लूप’ला आजचे रूप मिळाले. लूप म्हणजे एवढेच: नोंदी शिल्लक आहेत का ते विचारायचे, पुढची हातात घ्यायची, छापायची. ‘द_टायटल’ शीर्षक थेट छापते, ‘गेट_द_टायटल’ ते फक्त हाती देते. नवशिक्याला पहिली ठेच लागते ती याच फरकावर.

प्लगइनमध्ये आणखी एक अडचण असते, वेळेची. ‘इनिट’ या टप्प्यावर वर्डप्रेसने मुख्य पानाची नोंद अजून शोधलेलीच नसते. तिथे चालू नोंद मागणे म्हणजे हर्रास व्हायच्या आधीच भाव विचारणे. ‘टेम्प्लेट_रिडायरेक्ट’पर्यंत थांबले की नोंद हजर असते.

मराठी वेबसाइटना याहून वेगळे चटके बसले. ‘अमरावती जिल्ह्यात अवकाळी पावसाचा तडाखा’ ही बातमी घ्या. तिचा पत्ता ‘पोस्ट_नेम’ या २०० जागांच्या रकान्यात बसवावा लागतो, आणि संकेतरूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ जागा खाते. मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. ‘अमरावती’च्या ६३, ‘जिल्ह्यात’च्या ८१, ‘अवकाळी’च्या ५४ आणि मधल्या दोन जोडरेषा मिळून बरोबर २०० भरतात. पाऊस आणि तडाखा पत्त्याबाहेरच राहतात! शीर्षकावरून पत्ता आपल्या कोडने पुन्हा रचू पाहणाऱ्याचे दुवे म्हणूनच तुटतात. वर्डप्रेसकडून ‘गेट_परमालिंक’ने तयार पत्ता घेणे हाच खात्रीचा मार्ग.

सारांशाचेही तेच. पीएचपीच्या ‘सबस्ट्र’ने पहिले १०० बाइट कापले, तर देवनागरीची जेमतेम तेहेतीस चिन्हे हाती येतात आणि कातर अक्षराच्या मधूनच गेली तर शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. २०११च्या डिसेंबरात ३.३ आवृत्तीने ‘डब्ल्यूपी_ट्रिम_वर्ड्स’ दिले. ते शब्द मोजून कापते, त्यामुळे मराठी शब्द अखंड राहतो.

मोठे वळण जून २०१०चे. ३.० आवृत्तीत स्वतःचे ‘पोस्ट टाइप’ करणे खऱ्या अर्थाने सोपे झाले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ‘पीकेव्ही रजत’ या कापसाच्या वाणाची माहिती ही काही बातमी नव्हे. तिला ‘वाण’ हा स्वतंत्र प्रकार हवा, त्याला पीक, कालावधी, उत्पादन असे आपले रकाने हवेत. पण हा प्रकार थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलमध्ये नोंदवला आणि वर्षभराने थीम बदलली, की सगळी वाणे व्यवस्थापन-पडद्यावरून गायब होतात. तक्त्यात ती सुखरूप असतात, फक्त त्यांची ओळख सांगणारा कोड निघून गेलेला असतो. दिसणे थीमकडे आणि माहितीची रचना प्लगइनकडे, ही वाटणी म्हणूनच पाळायला हवी.

डिसेंबर २०१६ मध्ये ४.७ने ‘रेस्ट एपीआय’मधून नोंदी बाहेरच्या जगाला खुल्या केल्या. मोबाइल ॲपला भाव पुरवणे सोपे झाले. पण परवानगी तपासण्यातल्या एका त्रुटीमुळे बाहेरच्या कुणालाही मजकूर बदलता येत होता. २६ जानेवारी २०१७ला ४.७.२ने ती बुजवली, तरी ज्यांनी वेळेत अद्ययावत केले नाही अशा वेबसाइटची लाखो पाने विद्रूप झाली.

मग ६ डिसेंबर २०१८ला ‘गुटेनबर्ग’ संपादक आला. मजकुरात ब्लॉकच्या खुणा शिरल्या आणि मजकूर कच्चा उचलून आपल्या परीने चिरफाड करणारे प्लगइन अडखळू लागले. त्यांच्यासाठी ‘पार्स_ब्लॉक्स’ हे साधन होते.

एप्रिल २०२४च्या ६.५ आवृत्तीपासून परिच्छेदाचा ब्लॉक थेट मेटा रकान्याशी जोडता येतो. अकोल्याचा तो कापसाचा भाव आता पीएचपीचा साचा न लिहिताही पानावर येऊ शकतो. एक अट मात्र आहे. रकाना ‘रजिस्टर_मेटा’ने नोंदवलेला हवा आणि तिथे ‘शो_इन_रेस्ट’ खरे केलेले हवे. ती ओळ राहून गेली, तर तक्त्यात १०,१०० जसेच्या तसे असतात आणि पानावर मात्र तो भाव उमटतच नाही.