दहिवराने भिजलेली गाडी फडक्याने पुसू नका

पातूरकडे डिसेंबर-जानेवारीत गाडी रात्रभर उघड्यावर राहिली, की सकाळी टप, बॉनेट आणि काचा दहिवराने ओल्या होतात. मग सीटखालचं फडकं निघतं आणि गाडी पुसली जाते. पाणी आयतंच मिळालं, आता वेगळी कशाला धुवायची, असा समज. हिवाळ्यात गाडीच्या रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं.

आपल्याकडे पाऊस थांबला की धूळ सुरू होते. अकोला-वाशीम रस्त्याने एक फेरी मारली तरी काळ्या मातीची पूड, कडेचा मुरूम, रेती-गिट्टीच्या ट्रकमागे उडणारी भुकटी असं सगळं गाडीवर बसतं. काळी माती बोटाला मऊ लागते, पण तिच्यातली रेती मऊ नसते. रेतीतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या मापावर 7 आहे, चाकूच्या पात्याची साधारण 5.5. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, बहुतेक गाड्यांवर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो. दहिवर ही धूळ वाहून नेत नाही, तिचा नुसता लेप करतं. त्यावर फडकं फिरवलं की कण कापडात अडकून रंगावर घासले जातात. गडद रंगाच्या गाडीचं बॉनेट उन्हात तिरप्या नजरेने पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील. कोरडं फडकं किंवा डस्टर मारल्यानेही हेच होतं.

म्हणून आधी टपापासून खाली नुसतं पाणी सोडा आणि हात न लावता जेवढी निघेल तेवढी धूळ निघू द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं कापड प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवा. चाकं आणि दाराखालच्या पट्ट्या शेवटी, वेगळ्या कापडाने. हातातून जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी पुन्हा वापरू नका.

कपड्यांची पावडर चालते, हाही गैरसमजच. ती क्षारधर्मी असते, रंगावरचं मेण काढून टाकते आणि न विरघळलेले दाणे घासले जातात ते वेगळंच. पाण्यात डिझेल किंवा रॉकेल टाकून आणलेली चकाकी तर निव्वळ तेलाचा थर असतो. त्यावर धूळ आणखी चिकटते आणि दारांचं रबर खराब होतं.

थंडीचं कोवळं ऊन चालतं म्हणून लोक गाडी उन्हात धुतात. पण बॉनेट तापतं, पाणी पुसायच्या आत सुकतं आणि क्षारांचे पांढरे डाग राहतात. पातूरच्या उत्तरेला पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट, तिथे हे डाग जास्तच पडतात. गाडी सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या. हाताला थंडी वाजत असेल तर पाणी कोमट करा, पण गार काचेवर उकळतं पाणी ओतू नका, आधीचा तडा वाढू शकतो.

पाणी कमी असेल त्या दिवशी फक्त काचा धुवा. पक्ष्याची विष्ठा पडली असेल तर तेवढीच जागा भरपूर भिजवून उचलून घ्या. बाकीची गाडी धुळकट राहिली तर राहू द्या, आणि सीटखालचं ते फडकं आजच काढून टाका.