काळजापर्यंतची वाट

मराठीत काळीज म्हणजे माया, हिंमत, जिव्हाळा. पण मुळात काळीज म्हणजे यकृत, आणि आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या बोलीत हा अर्थ अजून जिवंत आहे. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, असं डॉक्टर सांगतात. घरी आल्यावर बाया एकमेकींना सांगतात, "कायजात उतरलं म्हन्ते." त्यानंतर कुणी काही विचारत नाही. पाहुणे भेटून जायला लागतात.

२००३ साली हे वाक्य माझ्या थोरल्या मामांसाठी बोललं गेलं. सौंसरहून छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही त्यांना नागपूरला नेलं होतं. सोनोग्राफीत लिव्हरवर दोन डाग दिसले आणि एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आलं, आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ घाला. आंबिया बहाराची संत्री तोडणीला यायच्या आत मामा गेले. मी डॉक्टर नाही, पण ते दोन डाग मनातून गेले नाहीत. त्या वेळी जगात या आजारावर काय चाललं होतं, हे मी त्यानंतर वर्षानुवर्षं वाचत, विचारत राहिलो.

सुरुवात करावी लागते १९५४ पासून. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, आतड्यांकडचा अन्नरस घेऊन येतं; उरलेलं यकृताच्या धमनीतून. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी त्या पोर्टल शिरेतूनच वाहत येतात आणि यकृतात रुजतात. त्या वर्षी ब्रीडिस आणि यंग या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की गाठ एकदा वाढीला लागली की ती आपलं पोषण बहुतेक सगळं धमनीतून ओढते. निरोगी यकृत मात्र मुख्यतः शिरेवर जगतं. मग औषध धमनीतूनच सोडलं तर? गाठीला ते भरपूर मिळेल आणि बाकीचं यकृत बरंचसं वाचेल.

आमच्याकडच्या संत्रा बागायतदाराला हे समजवायला फार वेळ लागत नाही. हाताच्या शिरेतून दिलेली केमोथेरपी म्हणजे पाटाचं पाणी. सगळं शेत भिजतं, तणही माजतं, झाडाच्या मुळाशी मात्र थोडंच पोचतं. धमनीतून दिलेली केमोथेरपी म्हणजे ठिबक. आणि ठिबकलाही धोके असतातच. संत्र्याला दुहेरी आळं करायचं, पाणी खोडाला लागू द्यायचं नाही, नाहीतर डिंक्या येतो, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. यकृतातही तसंच आहे. पित्तनलिकांना रक्तपुरवठा त्याच धमनीचा. तिथं औषध जास्त झालं की त्या नलिका आकसून घट्ट होतात आणि कावीळ होते. धमनीची एखादी फांदी जठराकडे जाणारी बांधायची राहिली, तर औषध तिकडे जाऊन व्रण पडतात. ही किंमत रुग्णांनी पुष्कळ वर्षं मोजली.

वाट सापडली, पण तिथवर जायचं साधन हवं होतं. स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सुई, तार आणि बारीक नळी यांच्या मदतीनं धमनीत शिरायची सोपी युक्ती दिली होती. आज जगभरची अँजिओग्राफी त्याच युक्तीवर चालते. १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांनी फाइव्ह-एफयू हे औषध आणलं. त्याच्याच कुळातलं फ्लॉक्सयुरिडीन तर यकृतासाठीच घडवल्यासारखं निघालं. धमनीतून सोडलं की पहिल्याच फेरीत यकृत त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक शोषून घेतं, बाकी शरीरात फारसं काही जातच नाही. पण नळी लावून रुग्ण किती दिवस खाटेवर पडून राहणार? याचं उत्तर १९७०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात हेन्री बुखवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं. त्यांनी तळहातावर मावेल अशी धातूची चकती बनवली. ती पोटाच्या कातडीखाली शिवायची. आत एका कप्प्यात औषध आणि दुसऱ्यात वायू. शरीराच्या उबेनं वायू फुगतो आणि औषध थेंबाथेंबानं धमनीत ढकलतो. ना बॅटरी, ना तार. औषध संपलं की कातडीवरूनच सुईनं भरायचं. मला आजही या यंत्राचं अप्रूप वाटतं.

फायदा किती झाला, हे मात्र सरळ सांगता येत नाही. १९९६ मध्ये त्या वेळपर्यंतच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. धमनीतून औषध दिलेल्यांपैकी ४१ टक्के रुग्णांच्या गाठी बऱ्यापैकी आक्रसल्या होत्या, शिरेतून दिलेल्यांपैकी १४ टक्के. आयुष्य मात्र त्या प्रमाणात वाढलेलं दिसलं नाही, कारण आजार यकृताबाहेरही डोकं वर काढत होता. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या डॉ. नॅन्सी केमेनी यांनी मग दोन्ही वाटा जोडल्या. यकृतातल्या गाठी शस्त्रक्रियेनं काढायच्या, त्यानंतर धमनीतूनही औषध द्यायचं आणि शिरेतूनही. १९९९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत दोन वर्षांनी ८६ टक्के रुग्ण हयात होते. फक्त शिरेतून औषध मिळालेल्यांत ७२ टक्के.

तेवढ्यात शिरेतून द्यायची औषधंच सुधारली. इरिनोटेकन आलं, ऑक्झालिप्लॅटिन आलं, आणि पंपाची गरज मागे पडत गेली. २०१८ मध्ये तो जुना पंप बनवणं त्याच्या कंपनीनं थांबवलं. नंतर दुसऱ्यांनी तो पुन्हा आणला, पण अमेरिकेतही तो मोजक्याच केंद्रांपुरता राहिला. भारतात तो रुळला नाही. आपल्याकडे धमनीची वाट वापरात आली ती जपानमधून. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओसाकाच्या यामादा यांनी धमनीत औषध सोडून पाठोपाठ तिचं तोंडच बुजवायला सुरुवात केली. आज डॉक्टर त्याला 'टेस' म्हणतात. ते मुख्यतः यकृतातच सुरू झालेल्या कॅन्सरसाठी करतात. बाहेरून आलेल्या गाठींसाठी निवडून. किरणोत्सारी यिट्रियमचे कण धमनीतून सोडण्याबद्दलही फार आशा होती. २०१७ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचा एकत्रित निकाल आला: आतड्याच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीलाच ते दिल्यानं आयुष्य वाढलं नाही. म्हणून आज कुणी दवाखाना या कणांची जाहिरात करून शेत विकायला लावत असेल, तर नातेवाइकांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते २००७ मधल्या एका लेखानं. आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेल्या आणि १९८५ ते १९९४ या काळात तिथली शस्त्रक्रिया झालेल्या ६१२ रुग्णांचा त्यात पाठपुरावा होता. दहा वर्षांनंतर त्यातले १०२ जण जिवंत होते. सहापैकी एक. ही शस्त्रक्रिया सगळ्यांना करता येत नाही, निवडक रुग्णांनाच. पण मामांना डाग दोनच होते. ते काढता येतील का, हे आम्ही विचारलं नाही, आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही.

विचारायला जायचं तरी कुठं, हाही प्रश्न होताच. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. राजधानी भोपाळला गेली, पण दवाखाना नागपूरच. तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आमच्या लोकांना इतकं आपलं की नुसतं 'तुकडोजीला नेलंय' म्हटलं तरी समजतं. त्याहून पुढं म्हणजे मुंबईचं टाटा, १९४१ पासूनचं, आणि मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. कुणी आधी जामसावळीच्या मारुतीला जातात; त्यात मला काही वावगं वाटत नाही, फक्त त्याच आठवड्यात नागपूरची गाडीही धरावी. महाराष्ट्राची आरोग्य योजना आमच्या शिधापत्रिकेला लागू नव्हती, त्यामुळे खर्च खिशातूनच. २०१८ मध्ये आयुष्मान कार्ड आलं. ते योजनेत असलेल्या दवाखान्यात राज्याबाहेरही चालतं, आणि सीमेवरच्या माणसाला याचं मोल फार आहे.

छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, नंतर तिथं मोठी लाईन आली. २०२३ मध्ये नागपूरजवळ जामठ्याला राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचं रुग्णालय पूर्ण झालं. त्याच वर्षी सौंसर धरून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला.

परवा मामांच्या सुनेच्या आईचा सीटी स्कॅन झाला. आतड्यात गाठ, लिव्हरवर तीन डाग. पोरीनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. हातात वही होती. मी सांगितलेले प्रश्न तिनं लिहून घेतले आणि मला वाचून दाखवले. डाग फक्त लिव्हरमध्येच आहेत का? ते आज काढता येतील का? नसतील, तर केमो देऊन लहान झाल्यावर काढता येतील का? लिव्हरच्या सर्जनला आम्ही कुठं आणि केव्हा दाखवू? पाचवा प्रश्न तिचा स्वतःचा होता: "गाडी सकाळची पकडू का दुपारची?"

सकाळची, मी म्हणालो.