दोनशे मीटरचे घड्याळ आणि आपला वुजू

तरुण मुलांच्या मनगटावर अलीकडे जाडजूड, काळ्या डायलची, दातेरी कडीची घड्याळे दिसू लागली आहेत. जाहिरातीत त्यांना 'टॅक्टिकल', 'मिलिटरी', 'डायव्हर' अशी नावे असतात आणि डायलवर '200 मीटर' असे लिहिलेले असते. ही घड्याळे घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधी समुद्रात खोल बुडी मारणार नाहीत. मग एवढे पैसे कशासाठी घालवायचे, असा प्रश्न घरातली वडीलधारी माणसे विचारतात आणि तो योग्यच आहे.

पण उत्तर सरसकट 'नको' असेही नाही. आपल्या घरांत घड्याळाचा पाण्याशी संबंध दिवसातून पाच वेळा येतो. कोकणात पावसाचे चार महिने वेगळेच. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतली माणसे जहाजावर किंवा मच्छीमारीत आहेत. आखातातून सुट्टीवर येणारा भाऊ बॅगेत घड्याळ घेऊन येतो, निकाहात नवरदेवाच्या हाती घड्याळ बांधले जाते. हा पैसा मेहनतीचा असतो. म्हणून मजबूत डायव्हर घड्याळ आपल्या रोजच्या वापरात कितपत उतरते, ते आम्ही येथे पाहणार आहोत.

हे घड्याळ आले कुठून?

1953 च्या सुमारास फ्रेंच सैन्यातील पाणबुड्यांच्या तुकडीचे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांना पाण्याखाली वापरता येईल असे घड्याळ हवे होते. ब्लँकपां या स्विस कंपनीने त्यांच्यासाठी 'फिफ्टी फॅदम्स' दिले. त्याच काळात रोलेक्सचे 'सबमरीनर' आले. 1965 मध्ये जपानच्या सेइकोने आपले पहिले डायव्हर घड्याळ काढले.

पाण्याखालच्या माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असते : खाली येऊन किती मिनिटे झाली. काचेभोवतीची फिरती कडी, म्हणजे बेझल, त्यासाठीच असते. कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, की पुढे गेलेली मिनिटे कडीवर थेट वाचता येतात. कडी फक्त उलट्या दिशेने फिरते. धक्का लागून सरकली, तरी गेलेला वेळ जास्तच दाखवेल, कमी नाही. माणूस वेळेआधी वर येईल, पण उशीर करणार नाही. या घड्याळातली प्रत्येक गोष्ट अशा एखाद्या गरजेतून आली आहे. गरज नसताना केवळ सैनिकी दिसण्यासाठी चिकटवलेले भाग म्हणजे सजावट, आणि 'टॅक्टिकल' नावाखाली सजावटच पुष्कळ विकली जाते.

'मीटर'चा खरा अर्थ

पाण्यात दर 10 मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. '30 मीटर' लिहिलेले घड्याळ घेऊन 30 मीटर खाली जाता येते, असा समज असतो. प्रत्यक्षात त्या घड्याळाने हात धुताना उडणारे पाणी आणि पावसाचे शिंतोडे सोसावेत, एवढीच अपेक्षा असते. पोहायचे असेल तर 50 मीटरच्या खाली जाऊ नये, समुद्रात नेहमी उतरणाऱ्याने 100 किंवा 200 मीटरचे पाहावे.

डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ किमान 100 मीटरचे असावे लागते आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जास्त दाबाखाली तपासावे लागते, म्हणजे 200 मीटरचे घड्याळ 250 मीटरच्या दाबाला. साध्या घड्याळांत काही नमुने तपासले तरी चालते, येथे प्रत्येक घड्याळ तपासणीतून जाते. शिवाय खारे पाणी, धक्का, चुंबक यांच्या चाचण्या होतात आणि अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. या सगळ्यांत उतरलेल्या घड्याळावरच मीटरच्या आकड्यासोबत 'डायव्हर्स' हा शब्द लिहिता येतो. नुसते 'वॉटर रेझिस्टंट 200 मीटर' म्हणजे ते मानक पूर्ण केले असे नव्हे. दुकानात हा फरक डोळे उघडे ठेवून वाचावा.

हौशी पाणबुडे जास्तीत जास्त 40 मीटरपर्यंत जातात. तारकर्ली-मालवणला पर्यटक उतरतात ते पाणी तर याहून कितीतरी उथळ असते. म्हणजे 200 मीटर ही गरज नाही, ती सुरक्षिततेची राखीव मर्यादा आहे. हात जोरात हलवला की दाब कैक पटींनी वाढतो, हेही खरे नाही. सेकंदाला दोन मीटर वेगाने हात पाण्यात मारला, तर वाढणारा दाब जेमतेम 20 सेंटिमीटर खोलीइतका असतो. घड्याळात पाणी शिरते ते बहुधा दुसऱ्याच कारणांनी : आतली रबरी रिंग जुनी होऊन कडक झालेली असते, चावी नीट बसलेली नसते, किंवा सेल बदलताना मागचे झाकण धड लावलेले नसते. गरम पाणी आणि साबण रबराचे आयुष्य कमी करतात.

वुजूची कसोटी

आता आपल्या कामाचा मुद्दा. घड्याळ वॉटरप्रूफ आहे म्हणजे वुजूत घड्याळ शाबूत राहील, वुजू आपोआप होईल असे नाही. वुजूत हात कोपरापर्यंत धुणे फर्ज आहे आणि पाणी कातडीला लागले पाहिजे. घट्ट अंगठी हलवून खाली पाणी पोहोचवावे लागते, तोच नियम घट्ट घड्याळाला. घड्याळावरून ओला हात फिरवणे पुरेसे नाही. घड्याळ सैल असेल तर वर-खाली सरकवून पाणी पोहोचवता येते, पण जाड डायव्हर घड्याळ बहुधा घट्टच बसते. म्हणजे ते काढावेच लागते.

म्हणून आमच्या मते आपल्यासाठी पहिली परीक्षा मीटरची नाही, पट्ट्याची आहे. दिवसातून पाच वेळा म्हणजे वर्षातून 1825 वेळा घड्याळ उघडायचे आणि लावायचे. कोणत्याही पाश्चात्त्य परीक्षणात ही चाचणी सापडणार नाही. पट्टे असे पारखावेत :

चामडी पट्टा ओला होऊन काही महिन्यांत कुजतो, वास मारतो. तो डायव्हर घड्याळाला नकोच.

नायलॉनचा लांब पट्टा स्वस्त आणि मजबूत असतो. तो घड्याळाच्या पाठीमागून सलग जातो, त्यामुळे एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ हातातच राहते. बोटीवर काम करणाऱ्याला हा मोठा आधार आहे. पण तो ओला राहतो आणि घालायला-काढायला वेळ लागतो.

रबरी पट्टा पाण्याला उत्तम. मात्र छिद्रांजवळ चिरा पडतात का, ते अधूनमधून पाहावे.

पोलादी साखळीला घडी पडणारे कुलूप असेल तर ती एका हाताने उघडते आणि घड्याळ हातातून निसटून फरशीवर पडत नाही. वुजूसाठी ही सर्वांत सोयीची. कुलपाची खिट्टी सैल आहे का, ते दुकानातच दहा-वीस वेळा उघडून पाहावे.

आणखी एक साधी गोष्ट. मशिदीच्या वुजूखान्यात कट्ट्यावर विसरलेली घड्याळे प्रत्येक गावात सापडतात. काढलेले घड्याळ कट्ट्यावर न ठेवता थेट खिशात टाकायची सवय लावावी.

अंधारात दिसणे

सहरीला उठणाऱ्याला, रात्रीच्या पाळीत जहाजावर उभ्या असलेल्याला अंधारात वेळ दिसणे महत्त्वाचे. बहुतेक घड्याळांच्या काट्यांवर उजेड साठवणारा लेप असतो. दिव्याखाली धरला की तो प्रखर चमकतो, मग हळूहळू मंद होतो. चांगला लेप पहाटेपर्यंत अंधुक का होईना दिसतो, हलका तासाभरात विझतो.

दुसरा प्रकार ट्रिटियम वायूच्या बारीक काचनळ्यांचा. 1989 मध्ये सुरू झालेल्या ल्युमिनॉक्स कंपनीचे नाव यानेच झाले. अमेरिकन नौदलाच्या 'सील' तुकडीशी जोडलेली तिची घड्याळे 'टॅक्टिकल' घड्याळांचा नमुनाच मानली जातात. या नळ्यांना उजेड दाखवावा लागत नाही, त्या रात्रभर सारख्या दिसतात. पण ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे असते. म्हणजे बारा वर्षांनी प्रकाश निम्मा, पंचवीस वर्षांनी पाव. मुलाला वापरायला घेत असाल तर ठीक, नातवापर्यंत पोहोचेल या हिशेबाने घेऊ नये. नळी शाबूत असेपर्यंत तिचे किरण काचेबाहेर येत नाहीत.

जुन्या बाजारातून पुरातन घड्याळ घेणाऱ्यांनी मात्र जपावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक डायलांवर रेडियमचा रंग असे. तो आता चमकत नसला तरी किरणोत्सारी असतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे आहे. असे घड्याळ घरी उघडू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.

काच, चावी आणि माप

साधी खनिज काच वाळूने ओरखडते, कारण वाळूतला क्वार्ट्झ तिच्यापेक्षा कठीण असतो. सफायर काचेवर वाळूचा ओरखडा उठत नाही, पण जोराचा मार बसला तर ती फुटू शकते. किनाऱ्यावर काम करणाऱ्याने सफायर घ्यावी, हातोडा-पाना हाताळणाऱ्याला खनिज काच पुरते.

चावी आट्यांची असावी, म्हणजे फिरवून घट्ट बसणारी. लावताना आधी हलकेच उलटी फिरवावी, आटे जुळल्याचे बोटाला जाणवते, मग सुलटी आवळावी. वेळ लावून चावी उघडी ठेवली तर 200 मीटरचे घड्याळही बादलीत बुडेल.

मापाचे म्हणाल तर 44 मिलिमीटरचे घड्याळ बारीक मनगटावर ताटलीसारखे दिसते आणि कुर्त्याच्या बाहीत अडकते. घड्याळाची दोन टोके मनगटाच्या कडेबाहेर जात असतील तर लहान माप मागावे. भगिनींसाठीही लहान मापाची डायव्हर घड्याळे मिळतात. भांडी, कपडे, लहान मुलांच्या आंघोळी, एवढे पाणी तर घरातल्या बाईच्याच हाताला लागते.

तीन उदाहरणे

कॅसिओचे 'ड्युरो' हे सर्वांत कमी किमतीचे. पोलादी, 200 मीटर, आट्यांची चावी, फिरती कडी. डायलवर 'डायव्हर्स' शब्द नाही आणि अंधारातली चमक बेताची. कॉलेजच्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही.

सिटिझनचे 'प्रोमास्टर' इको-ड्राइव्ह प्रकाशावर चालते. सेल बदलायचा नाही, म्हणजे झाकण वारंवार उघडायचे नाही, म्हणजे पाणी शिरण्याचे एक मोठे कारण कमी. जहाजावर जाणाऱ्यासाठी किंमत वसूल करणारे घड्याळ हेच, असे आम्हांला वाटते.

सेइको '5 स्पोर्ट्स'ची 2019 पासूनची बरीच मॉडेल्स दिसायला जुन्या प्रसिद्ध डायव्हरसारखी आहेत, पण ती 100 मीटरची आणि साध्या चावीची. घड्याळ चांगले आहे, फक्त ते डायव्हर समजून घेऊ नये. ते स्वयंचलित आहे. त्याची रोज काही सेकंदांची चूक होऊ शकते आणि दोन दिवस हातात नसले तर ते थांबते. सहरीच्या शेवटच्या मिनिटाला त्यावर विसंबू नये.

देखभाल

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे आणि कडी फिरवून खालचे मीठ काढावे. गरम पाण्याच्या आंघोळीला घालू नये. सेल बदलताना रबरी रिंग नवी मागावी आणि दाबाची चाचणी करणाऱ्या कारागिराकडेच जावे. काचेच्या आत धुके दिसले तर वाट न पाहता त्याच दिवशी उघडून घ्यावे, गंजायला वेळ लागत नाही. आखातातून कोणी आणत असेल तर हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि घड्याळाचा क्रमांक आहे का, ते तिथेच पाहायला सांगावे. रस्त्यावरच्या नकली मालावरही '200 मीटर' लिहिलेले असते, लिहायला पैसे पडत नाहीत.

शेवटी निय्यत

पुरुषांना सोने वर्ज्य आहे, त्या दृष्टीने पोलादी घड्याळ निर्धोक. सोन्याचा मुलामा असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पण पोलादातही इस्राफ होऊ शकतो. पाच हजारांत भागणारी गरज मित्रांना दाखवण्यासाठी पन्नास हजारांवर नेली, तर तो खर्च गरजेचा राहत नाही. उलट, खाऱ्या पाण्यात राबणाऱ्या मुलाला चांगले, टिकाऊ घड्याळ घेऊन दिले तर तो शहाणपणाचा खर्च आहे.

पाणबुड्यासाठी बनवलेली ती कडी आपल्याही कामाला येते. त्रिकोण जमातच्या वेळेवर आणून ठेवा, मिनिटकाटा आणि त्रिकोण यांच्यामधली जागा म्हणजे तुमच्या हाती उरलेला वेळ. बिर्याणीचा दम मोजायलाही ती चालते. वेळ ही अल्लाहची अमानत आहे. ती मोजायला मोठे घड्याळ लागत नाही. पण घेतलेच असेल, तर अजान झाल्यावर त्याच्याकडे पाहून उठायची सवय लागो, एवढीच दुआ.