पडद्यावर ६.७, हातात शून्यही नाही

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून खाली उतरते आणि महाडला तिला गांधारी येऊन मिळते. वर पोलादपुरात पाऊस कोसळला की खाली महाडच्या बाजारपेठेत दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागतात. सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर हा आकडा इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रोग्रॅमिंग शिकणारी बहुतेक पोरं जिथे हमखास अडखळतात, ती जागा दाखवायला आज तोच कामी येईल.

समजा, पायथनमध्ये नदीची पातळी काढणारं एक छोटं फंक्शन लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पातळी'. (नाव देवनागरीत दिलं तरी पायथन ३ कुरकुरत नाही, करून बघा.) हिशेब होऊन उत्तर आलं ६.७. आता शेवटच्या ओळीत 'प्रिंट' लिहिलं, तर ६.७ पडद्यावर उमटेल. 'रिटर्न' लिहिलं, तर ज्या ओळीने फंक्शनला बोलावलं तिच्या हाती ६.७ पडेल. भोंग्यावरून पुकारलेली पातळी गावभर ऐकू जाते, पण नियंत्रण कक्षाच्या वहीत ती कुणी लिहिलीच नाही, तर पुढचा हिशेब कशावर करणार?

गोंधळाला थोडी जबाबदार पायथनची खिडकीही आहे. तिथे एकेक ओळ लिहून चालवली, की रिटर्न झालेलं उत्तरही ती आपणहून दाखवते. मग शिकणाऱ्याला वाटतं, दोन्ही एकच. बारीक पाहिलं तर फरक दिसतो: 'धोका' हा शब्द प्रिंट केला तर नुसता येतो, रिटर्न केला तर अवतरणचिन्हांसकट येतो. पण पहिल्या वर्षाच्या पोराचं लक्ष अवतरणचिन्हांकडे कशाला जातंय!

खरी परीक्षा पुढच्या ओळीत होते: पातळी ६.५ हून जास्त असेल तर भोंगा वाजव. फंक्शनने नुसतं प्रिंट केलं असेल, तर या ओळीच्या हाती येतं 'नन', म्हणजे काहीच नाही. शून्य आलं असतं तर निदान त्याला आकडा तरी म्हणता आलं असतं. पायथन ३ 'नन'ची तुलना आकड्याशी करायला साफ नकार देतो आणि तिथेच थांबतो. मला हा त्याचा मोठेपणा वाटतो. जुना पायथन २ मात्र मुकाट्याने 'नाही, जास्त नाही' असं उत्तर द्यायचा. जावास्क्रिप्टमध्ये रिटर्न विसरलात, तर आजही तेच होतं. पडद्यावर ६.७ ठळक दिसतंय, चूक कुठेच दाखवलेली नाही आणि भोंगा गप्प.

प्रिंट टाकाऊ आहे असं नव्हे. चूक शोधताना मधले आकडे डोळ्यांनी पाहायला त्याच्यासारखा सोबती नाही, आणि शेवटी माणसाला निकाल दाखवायचा तर छापावंच लागतं. पण हिशेब करणाऱ्या फंक्शनने उत्तर परत द्यावं. ते छापायचं, भोंग्याला द्यायचं की पोलादपूरच्या पावसाशी जुळवून पाहायचं, हे बोलावणाऱ्याला ठरवू द्यावं.

घरात कुणी पायथन शिकत असेल, तर एवढं करायला सांगा: फंक्शनचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवून ते व्हेरिएबल छापा. 'नन' आलं, तर रिटर्न लिहायचं राहिलंय.