एक तोळा, चार मासे
गळ, दोरी, पाणी : लेखांक 9

दर्यापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे की कोकणात जायचं ठरलंय, फ्लाय रॉड घ्यायची आहे, तर कितीच्या वजनाची घेऊ? हे पत्र मी अकोल्याच्या एका मित्राला दाखवलं, तर तो म्हणाला, "काहून रे भाऊ, आता खारपाणपट्ट्यात गय टाकतं का?" त्याचंही बरोबर आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, दर्यापूर-अकोट-मूर्तिजापूर भागात खारं पाणी आहे, पण ते विहिरीत. त्यात गळ टाकून काही लागायचं नाही. आज आपल्याला जायचंय दुसऱ्या खाऱ्या पट्ट्यात, अलिबाग-पेणच्या खारेपाटात. तिथे जिताडा हा मासा आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. काठीवर 5, 8, 9, 12 असा जो आकडा असतो, तो काठीचं वजन नव्हे. तो दोरीच्या वजनाचा आकडा आहे. साध्या गळाला शिशाचं वजन बांधतो आणि ते वजन दोरीला ओढत नेतं. फ्लायमध्ये हे उलटं. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेली पिसांची माशी, ती स्वतः जवळपास बिनवजनाची, म्हणून जाड, जड दोरीच फेकायची, माशी तिच्यामागे जाते. पूर्वी रेशमी दोऱ्या होत्या तेव्हा जाडीवरून अक्षरं देत. नायलॉन आणि प्लॅस्टिक आल्यावर एकाच जाडीच्या दोन दोऱ्यांचं वजन वेगळं भरू लागलं आणि गोंधळ झाला. म्हणून 1961 साली अमेरिकेतल्या उत्पादकांनी ठरवलं की टोकाकडची पहिली 30 फूट दोरी तोलायची आणि त्या वजनावरून नंबर द्यायचा. माप घेतलं ग्रेनचं.

ग्रेन म्हटलं की आपला सराफ आठवायला हवा. 1833 साली कंपनी सरकारने तोळा बसवला तो 180 ग्रेनचा. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे मासा 15 ग्रेनचा. आता हिशेब करा. 5 नंबरची दोरी 140 ग्रेन, म्हणजे साडेनऊ माशांच्याही आत. 8 नंबरची 210 ग्रेन, बरोब्बर एक तोळा दोन मासे. 9 नंबरची 240, एक तोळा चार मासे. 10 नंबरची 280, दीड तोळ्याच्या किंचित वर, आणि 12 नंबरची 380, दोन तोळ्यांच्या पुढे. सगळा फरक माशांचा आहे, आणि मराठीत हा विनोद आयताच मिळतो.

माझी पहिली काठी 5 नंबरची. धरणाच्या काठी तिलापियासाठी ती गोड चालायची, म्हणून तीच अंबा एक्सप्रेसने मुंबईला आणि गेटवेवरून मांडव्याला नेली. चार तुकड्यांची नऊ फुटी काठी बर्थखाली सहज मावते, तिची काळजी नको. सकाळी सात वाजता सगळं छान झालं. दुपारी दोनला माझीच माशी माझ्या कानामागे रुतली.

शाळेतला भूगोल आठवला असता तर वाचलो असतो. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळी वारा पाठीशी आणि दुपारी थेट तोंडावर. त्यात जिताड्याची माशी धरणातल्यासारखी नखाएवढी नसते. बोटभर लांब, 1/0 किंवा 2/0 चा गळ, पुढे शिशाचे डोळे. बॉब क्लाउझर यांची क्लाउझर मिनो पाहिलीत तर कळेल. असं ओझं नऊ माशांच्या दोरीने वाऱ्यात जात नाही, ते मागेच पडतं. म्हणून माझं म्हणणं असं की नंबर निवडताना आधी वारा बघावा, मग माशी, आणि शेवटी मासा. दुकानदार नेमका उलट्या क्रमाने विचारतो.

मासा अगदीच विसरायचा नाही. जिताडा गळाला लागला की कांदळवनाच्या मुळ्यांत शिरतो. तिथे तो वळवायला काठीच्या बुडात ताकद लागते आणि ती नंबराबरोबर वाढते. त्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून माशीजवळ फूटभर जाड, 40 पौंडी तुकडा बांधावाच. हलकी काठी घेऊन अर्धा तास झुंजलो अशी फुशारकी काही जण मारतात, ती मला पटत नाही. कोमट पाण्यात इतका दमलेला मासा सोडला तरी जगेल याची खात्री नसते. त्यातून जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा मासा बहुधा मादीच असतो. तो लवकर आणावा, लवकर सोडावा.

तेव्हा दर्यापूरकरांसाठी उत्तर : एकच काठी घ्यायची तर 9 नंबर, नऊ फूट. शांत खाडीत, फक्त सकाळी, लहान जिताडा आणि तांबोशीसाठी जाणार असाल तर 8 पुरे. खडकांवरून, दुपारच्या वाऱ्यात जाणार असाल तर 10. 12 नंबर अंदमानच्या मोठ्या ट्रेव्हलीसाठी. खारेपाटात ती नेली तर संध्याकाळी खांदा दुखेल, एवढंच.

दोरी घेताना मात्र 'ट्रॉपिकल' लिहिलेलीच घ्या. थंड प्रदेशातली दोरी उष्णतेत मऊ आणि चिकट होते. आणि मे महिन्यात अकोल्यात ती गाडीत विसरू नका.

शेवटचं एक. हल्ली बऱ्याच कंपन्या 9 लिहून 10 च्या जवळची दोरी विकतात, कारण जड दोरीने नवख्याला काठी पटकन वाकल्यासारखी वाटते. डबीवर ग्रेन छापलेले नसतील तर पहिली 30 फूट दोरी गुंडाळून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवा, उरलेली बाजूला टेकवा. डिजिटल काट्यावर साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास आलं तर ती खरी 9 नंबरची. सराफ हसेल, हसू द्या. पुढच्या आठवड्यात रीळ.