नऊ माणसं आणि दोन अशोक

(लेखमाला : अभिनय बघताना – भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण दुहेरी भूमिकेचं चित्रीकरण कसं होतं ते पाहिलं. कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, फिल्म मागे गुंडाळून उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा चित्रण करायचं. ही झाली तंत्राची बाजू. नट मात्र त्या वेळी रिकाम्या जागेकडे बघून बोलत असतो, आणि तिथे कुणीतरी उभं आहे असं आपल्याला वाटायला लावतो. आज त्या नटाविषयी.

मी सुरतेत वाढलो, त्यामुळे माझ्यासाठी हा विषय संजीवकुमारपाशी सुरू होतो. मूळ नाव हरिहर जेठालाल जरीवाला, जन्म ९ जुलै १९३८, सुरत. आडनावातच गावचा धंदा आहे. पालमध्ये महापालिकेचं नाट्यगृह आहे तेही त्यांच्याच नावाचं. आमच्या लिंबायतमध्ये, जिथे धुळे-नंदुरबार-जळगावहून आलेल्या माणसांनी गल्ल्याच्या गल्ल्या भरल्या आहेत, तिथेही ‘आपल्या गावचा नट’ म्हटलं की एकच नाव निघायचं. वडील लूमच्या खात्यात कामाला होते. गणपतीत मंडळ भाड्याने व्हिडिओ आणायचं, आणि रस्त्यावर गोणपाट अंथरून रात्रभर सिनेमे चालायचे. ‘नया दिन नई रात’ मी तिथेच पाहिला.

१९७४ चा हा चित्रपट, दिग्दर्शक ए. भीमसिंग. मूळ तमिळ ‘नवरात्री’ १९६४ चा, त्यात शिवाजी गणेशन. घर सोडून निघालेल्या एका मुलीला एकामागून एक नऊ पुरुष भेटतात, नऊ रसांचे नऊ, आणि नऊही एकाच नटाचे. डाकू, भोंदू साधू, दारुडा, कुष्ठरोगी, नाटक कंपनीतला बायकी कलावंत. दर वेळी नवा माणूस आला की गल्लीत टाळ्या पडत. त्या टाळ्या खऱ्या होत्या. मीही हात लाल होईस्तोवर वाजवल्या आहेत.

मराठी माणसाला हा आनंद नवा नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये दादासाहेब फाळक्यांनी अण्णा साळुंके यांच्याकडून राम आणि सीता दोन्ही करून घेतले होते. पुढे १९६२ मध्ये अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर वेषामागून वेष पालटू लागले. पण तिथला लखोबा एकच आहे. वेष कोणताही असो, आतला लबाड तोच, आणि तो ओळखू येण्यातच नाटकाची मजा आहे. ‘नया दिन’मधली नऊ माणसं एकमेकांची कुणीच लागत नाहीत. नटाला दर वेळी पाटी कोरी करून सुरुवात करावी लागते.

तरीही माझं मत असं, की संजीवकुमारची मोठी कामगिरी नवात नाही, दोनात आहे. नवांच्या मदतीला दाढी, विग, रंग, कपडे सगळं होतं. काही ठिकाणी मेकअप इतका जाड आहे की चेहरा त्याच्या आत गुदमरतो. १९८२ च्या गुलजारांच्या ‘अंगूर’मध्ये यातलं काही नाही. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वरची गोष्ट. दोन अशोक, दोन बहादूर. एकच चेहरा, एकच बांधा. दोघं समोरासमोर येतात ते अगदी शेवटी. म्हणजे जवळजवळ पूर्ण चित्रपटभर तुलनेला दुसरा अशोक शेजारी नसतो, तरी हा कोणता, ते आपल्याला क्षणात कळतं.

ते कशाने कळतं, हे मला वडिलांनी दाखवलं. लूमच्या धडधडाटात बोललेलं ऐकू येत नाही. कामगार हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी बोलतात. त्यांच्या नजरेला ती सवय होती. म्हणाले, “तोंडाकडे नको बघू, खांद्याकडे बघ.” बाहेरगावाहून आलेला अशोक गुप्तहेरकथा वाचणारा, सगळीकडे टोळीचा संशय घेणारा. त्याचे खांदे वर चढलेले, मान आधी वळते आणि अंग मागून. खोलीत शिरला की तो आधी दार बघतो. घरचा अशोक त्रासलेला नवरा. बायकोच्या हाराचा विषय निघाला की त्याचे खांदे पडतात. तो खुर्चीत बसतो तेही खुर्ची आपलीच आहे अशा वजनाने. देवेन वर्मांचे दोन बहादूरही असेच पारखून बघण्यासारखे आहेत. त्यांच्यावर वेगळा भाग लिहिणार आहे.

हे कसब एका चित्रपटातलं नाही. १९७२ मध्ये ‘कोशिश’मध्ये ते जया भादुरींचे नवरा झाले, बोलता-ऐकता न येणारे. त्याच वर्षी ‘परिचय’मध्ये तिचे वडील. ‘शोले’त सासरे. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आणि त्याच जया भादुरी ‘नया दिन’मधली ती मुलगी. समोरचं माणूस तेच राहतं म्हणून यांचं बदलणं मोजता येतं. ६ नोव्हेंबर १९८५ ला ते गेले, वयाच्या ४७ व्या वर्षी. म्हातारे इतक्या वेळा झालेल्या या माणसाला स्वतःचं म्हातारपण मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या भागाआधी एक करून बघा. ‘अंगूर’ लावा आणि आवाज बंद करा. वडील शेवटी शेवटी तो असाच बघायचे. लूमने त्यांचे कान नेले होते. पडद्यावर अशोक आला की ते बोट वर करायचे. एक बोट म्हणजे घरचा, दोन म्हणजे बाहेरचा.