पंप : पाण्याचे, मळीचे आणि तेजाबाचे

पंप पाणी ओढतो असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः तो काहीच ओढीत नाही. तो आपल्या पोटात पोकळी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन ते वर ढकलते. टॉरिसेलीने हवेच्या या वजनाविषयी १६४४ साली लिहिले. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर पाणी तोलतो. तेव्हा मोटर कितीही घोड्यांची बसवा, पंप पाण्यापासून त्याहून उंच ठेवला की पाणी चढत नाही. व्यवहारात सहासात मीटरच धरावेत.

पंपांची घराणी मुख्यतः दोन. पहिले सेंट्रिफ्यूगल. त्यात पंखा फिरतो, मधोमध आलेले पाणी कडेला फेकतो, आणि शंखासारख्या कवचात त्या वेगाचा दाब होतो. किर्लोस्करवाडीला असे पंप १९२६ पासून होऊ लागले. शेतावर आणि पाणीपुरवठ्यात मुख्यतः हेच दिसतात. पाण्याला उत्तम, पण मळी, वंगणतेल अशा दाट पदार्थात पंख्याची शक्ती वाया जाते.

तेथे दुसरे घराणे लागते : दट्ट्याचे वा दात्यांचे पंप. हे मापाड्यासारखे, प्रत्येक फेऱ्याला ठरलेले माप पुढे सरकवायचेच.

आता कामगाराच्या जिवाशी गाठ आहे ती येथे. सेंट्रिफ्यूगल पंप सुरू करताना पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवतात, म्हणजे मोटरवर भार कमी येतो. मग तो सावकाश उघडतात. दट्ट्याच्या पंपावर हेच केले तर? माप पुढे सरकतच राहते, वाट मात्र नाही. दाब चढत जातो आणि मोटर अडते किंवा नळी फुटते. म्हणून त्याला सुटकेचा व्हॉल्व्ह हवाच. तो गळतो म्हणून त्याची स्प्रिंग आवळून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत! बदली कामगार एका खात्यात शिकलेली सवय दुसऱ्या खात्यात घेऊन जातो. त्याला पंपाचे घराणे कोणी सांगितलेले नसते. अपघातानंतर अहवालात मात्र ‘निष्काळजीपणा’ लिहिला जातो.

ग्लँडचेही तसेच. पाण्याच्या पंपाची ग्लँड थेंबथेंब गळावी. त्या थेंबांनी आतले पॅकिंग थंड राहते. फार आवळली तर पॅकिंग जळते. पण आत तेजाब असेल तर तोच थेंब फिटरचा हात जाळतो. आमच्या मागणीपत्रात मी ग्लँडचे कलम घातले तेव्हा साहेब हसले होते. बिनग्लँडचे पंप आज मिळतात. एकात पडदा मागेपुढे हलतो. दुसऱ्यात लोहचुंबक कवचाबाहेरून पंखा फिरवतो. किंमत जास्त, हे खरे. चुंबकाचा पंप मात्र कोरडा चालवू नये. त्याच्या बेअरिंगला वंगण त्याच द्रवाचे. टाकी रिकामी झाली की ती थोड्याच वेळात तडकतात.